मदत हवी आहे : ताम्रपटावरून हाताने छापण्यासाठी दाबयंत्र आणि कागद

नमस्कार. नाना फडणविसांच्या काळात पुण्यात तांब्याच्या पत्र्यावर गीता कोरून छापण्याचा उद्योग सुरू झाला आणि पुढे 1805 साली मिरजेत, तेथील संस्थानिक गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने, ती गीता छापून झाली. मराठी मुलखातल्या छपाईचा हा आरंभीचा प्रयत्न आपल्या हातांनी पुन्हा अनुभवता यावा, म्हणून गीतेच्या पंधराव्या अध्यायाच्या केवळ 50 प्रती त्याच रीतीने छापण्याचा आम्हा तिघांचा संकल्प आहे.

तांबट आळीतल्या एका कारागिराने पहिला पत्रा उलट्या अक्षरांत फार सुंदर कोरून दिला आहे. अडचण छपाईची आहे. खिळ्यांच्या (शिशाच्या सुट्या अक्षरांच्या) छपाईत उठावाला शाई लागते, तर येथे शाई कोरलेल्या खाचांत भरून वरचा पृष्ठभाग पुसून घ्यावा लागतो आणि ओलसर कागद त्या खाचांत दाबला जावा लागतो. त्यामुळे ट्रेडलवर (खिळ्यांच्या छपाईच्या लहान यंत्रावर) केलेल्या प्रयत्नात अक्षरांच्या शिरोरेषा तेवढ्या उमटल्या, वेलांट्या मात्र अर्धवट राहिल्या. (ती रवाळ शिरोरेषा पाहूनही आम्ही हरखलो होतो!)

दोन रुळांचे, हाताने फिरवायचे दाबयंत्र पुण्यात कोणाकडे महिनाभर भाड्याने मिळू शकेल का? तसेच शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा कागद भिजवून कोणी अशी छपाई केली असल्यास, किती जाडीचा कागद घ्यावा आणि तो किती वेळ ओला ठेवावा, हे कृपया सविस्तर कळवावे. यंत्रमालकांची अट असल्यास आम्ही त्यांच्याच जागेत येऊन काम करू.