शब्दचर्चा : मुखत्यारी

प्रश्न (वेंगुर्ले) : ज्या ट्रान्स स्त्रिया प्रौढांसाठीचे व्हिडिओ स्वतःच काढतात आणि वर्गणीदारांना दाखवतात, त्यांच्याविषयी लिहितेय. 'आपल्या अटींवर' लिहिलं तर सावकाराचा कागद वाटतो, 'स्वतंत्रपणे' फार मोघम. दुसरा शब्द आहे का?

उत्तर (रत्नागिरी) : आहे, 'मुखत्यारी'. चाकरमानी मुंबईत आणि जमीन गावात, म्हणून भावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करायचं, हे कोकणात घरोघरी ठाऊक. बोलताना 'कुळमुखत्यार' होतं, पण कुळकायद्यातल्या कुळाशी त्याचं नातं नाही. अरबी 'कुल्ल' म्हणजे सगळं, 'मुख्तार' म्हणजे निवडीचा हक्क असलेला. आपला 'अखत्यार'ही त्याच धातूचा.

तुम्हाला हेच सांगायचंय ना ताई? काय दाखवायचं, किती पैसे घ्यायचे, कोणाला ब्लॉक करायचं, व्हिडिओ कधी काढून टाकायचा, हे तिनं ठरवायचं. दुसऱ्यांनी काढलेल्या फितींना तर शिवीच शीर्षक म्हणून चिकटवलेली असते. तिथून इथवर येणं मला फार मोलाचं वाटतं.

मात्र 'पूर्ण मुखत्यारी' लिहू नका. ओन्लीफॅन्स, म्हणजे वर्गणीदारांना असे व्हिडिओ दाखवायचं संकेतस्थळ, कमाईतले 20 टक्के कापून घेतं. ऑगस्ट 2021मध्ये त्यांनी उघड लैंगिक मजकूर बंद करायचं जाहीर केलं आणि काही दिवसांत मागे घेतलं. ज्यांचं पोट त्यावर, त्यांनी ते दिवस कसे काढले असतील! आपल्याकडे उघड लैंगिक मजकूर ऑनलाइन प्रसारित करणं गुन्हा ठरवणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 67अ आहेच. स्वखुशीनं केलेलं, स्वतःचंच, म्हणून त्यात सूट नाही. पहिल्या गुन्ह्याला 5 वर्षांपर्यंत कैद आणि 10 लाखांपर्यंत दंड. लेखात हे यायलाच हवं, नाहीतर वाचणारी एखादी पोर फसेल.

प्रश्न (वेंगुर्ले) : आणि 'तृतीयपंथी' चालेल?

उत्तर (रत्नागिरी) : ती स्वतःला म्हणवत असेल तरच. आपली ओळख आपण ठरवायचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं 2014च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात मान्य केलाय. 'ट्रान्स स्त्री' किंवा 'पारलिंगी स्त्री' लिहा. 'तृतीयपंथी'त तिचं बाईपण बाजूला पडतं.

पुरवणी (सावंतवाडी) : 'मुखत्यारी'ऐवजी 'मालकीण' सोपं नाही का?

उत्तर (रत्नागिरी) : मालकी वस्तूची असते, आणि इथे विषय तिच्या देहाचा आहे. मुखत्यारी निर्णयाची असते. शिवाय या शब्दाला वेगळं स्त्रीलिंगी रूप लागत नाही. तो मुखत्यार, तशी तीही मुखत्यार. 'ती आपल्या कामाची मुखत्यार आहे' असं सरळ लिहा.