चुंबक चिकटलं म्हणजे स्टील नकली का?

बी-७०२ काकू: कालच्या प्रदर्शनातून स्टीलचे डबे आणले आणि आज बघते तर फ्रिजवरचं चुंबक टक्कन चिकटलं त्याला 😡 चिकटलं तर नकली असा फॉरवर्ड आलाय, बाराशे रुपये पाण्यात गेले का माझे?

ए-१०३: परत करा काकू, खऱ्या स्टीलला चिकटतच नाही

सी-३०४: आमचा फ्लॅट ३०४, न चिकटणाऱ्या स्टीलच्या ग्रेडचाच नंबर, आम्हाला मेन्टेनन्सच्या बिलाशिवाय काही चिकटत नाही 😄

ए-५०१ काका: थांबा हो, लगेच परत नका करू. ३२ वर्षं शीटमेटलमध्ये काढलीत म्हणून सांगतो, चिकटणारं पण स्टेनलेसच असतं, ४३० ग्रेड म्हणतात, क्रोमियम १६-१७ टक्के असतं पण निकेल जवळजवळ नाही. न चिकटणाऱ्या ३०४ ग्रेडमध्ये १८ टक्के क्रोमियम नि ८ निकेल, भांड्यावर १८/८ लिहितात ते हेच

बी-७०२ काकू: पण लोखंड दोन्हीत आहे ना? मग एकाला चिकटतं नि एकाला नाही असं कसं

ए-५०१ काका: लोखंडाचा एकेक अणू म्हणजे बारकं चुंबकच धरा. ४३० मध्ये ते गटागटाने एकीकडे तोंड करून असतात, चुंबक जवळ आणलं की बाकीचे गटपण तिकडे वळतात आणि डबा ओढला जातो. पुरेसं निकेल घातलं की अणूंची मांडणीच बदलते, आपल्या सोसायटीच्या एजीएमसारखं होतं, सगळे हजर पण एकमत नाही 😀

ए-१०३: पण निकेलला चिकटतं की! सासऱ्यांकडे १९४७ चा वाघवाला रुपया आहे निकेलचा, त्याला मस्त चिकटतं

ए-५०१ काका: बरोबर, लोखंड निकेल कोबाल्ट तिघांनाही चिकटतं. पण मिश्रणाचं गणित वेगळं, नंतरचे तांबं-निकेलचे रुपये निघाले त्यात २५ टक्के निकेल असून चिकटत नाही. आणि चिकटत नाही म्हणजे भारी स्टील हेपण खोटं बरं का, स्वस्तातल्या २०२ ग्रेडला पण चिकटत नाही, त्यात निकेल कमी करून मँगनीज घालतात. काकू, तुमच्या डब्यात रवा डाळ बिनधास्त ठेवा, मीठ लोणचं मात्र बरणीतच

डी-२०१: अच्छा म्हणून माझं चहाचं पातेलं इंडक्शनवर नुसतं बीप बीप करत होतं!! आणि मी शेगडीच बिघडली म्हणून दुकानदाराशी भांडून आले 🙈

ए-५०१ काका: 😂 इंडक्शनला बुडाला चिकटणारंच लागतं. ॲल्युमिनियमचा साधा कुकर, पितळ, तांबं काही चालायचं नाही, बिडाचा तवा चालतो

बी-७०२ काकू: आमचा नातू चुंबक घेऊन घरभर फिरतोय आता, माझ्या सोन्याच्या चेनच्या हुकाला चिकटलं हो 😟

ए-५०१ काका: हुकात बारीक स्टीलची स्प्रिंग असते, तिला चिकटलं असेल. नुसत्या साखळीला लावून बघा

बी-७०२ काकू: नाही चिकटत. हुश्श

ए-५०१ काका: पितळेलापण नाही चिकटत काकू 😄