मदत हवी आहे: इंग्लंडमध्ये ट्रेनी डेंटल नर्स आहे, डॉक्टरांच्या सांगण्यावरून पेशंटच्या दातांचं माप घेतलं. आता काय करू?

नमस्कार. थोडं लांबेल, पण अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवट मिळेल.

मी महाराष्ट्रातून बीडीएस केलं, तालुक्याच्या गावी चार वर्षं दवाखान्यात काम केलं. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आले. इथे दंतवैद्य व्हायचं तर आपल्यासारखे बहुतेक जण जनरल डेंटल काउन्सिल (जीडीसी) या इथल्या नियामक संस्थेची, परदेशी पदवीवाल्यांसाठीची ओआरई परीक्षा देतात आणि तिच्या जागा खुल्या झाल्या की बघता बघता भरतात. पूर्वी परदेशी बीडीएसच्या जोरावर डेंटल नर्स म्हणून नोंदणी करता यायची, मार्च 2023 पासून तेही बंद झालं. म्हणून डिप्लोमाला नाव घातलं आणि एका प्रॅक्टिसमध्ये ट्रेनी म्हणून लागले. सक्शन धरणं, साहित्य कालवून देणं, अवजारं धुऊन ऑटोक्लेव्हला लावणं, नोंदी टाइप करणं हे माझं काम.

गेल्या महिन्यात एका शुक्रवारी सगळंच उशिरा चाललं होतं. एका बाईंना रात्री दात खाण्याची सवय, त्यांच्या नाइट गार्डसाठी (झोपताना दातांवर बसवायचं कवच) माप, म्हणजे मऊ साहित्य दातांवर दाबून ठसा, घ्यायचं होतं. शेजारच्या खोलीत कुणीतरी दाढ धरून बसलेलं. डॉक्टर म्हणाले, "तू डेंटिस्टच आहेस ना, वरचं-खालचं माप घेऊन ठेव," आणि गेले. माणूस चांगला आहे, मला मनापासून शिकवतो. मी घेतलं. माप स्वच्छ आलं. खरं सांगते, इतक्या महिन्यांनी ते काम करताना फार बरं वाटलं. बाई जाताना "थँक यू, डॉक्टर" म्हणाल्या आणि मी त्यांना दुरुस्त केलं नाही. नोंद मीच टाइप केली, डॉक्टरांच्या लॉगिनमधून. माप घेतलं एवढंच लिहिलं, कुणी घेतलं ते नाही.

त्या रात्री डिप्लोमाचं पुस्तक उघडलं. नोंदणी झालेल्या नर्सलासुद्धा माप घ्यायचं तर वेगळं प्रशिक्षण लागतं, आणि तेही दंतवैद्याच्या सूचनेवरूनच. मी तर ट्रेनी. इथल्या 1984 च्या डेंटिस्ट्स ॲक्टप्रमाणे नोंदणी नसताना दंतवैद्यकी करणं हा गुन्हा आहे. आता डॉक्टर म्हणतात, "शुक्रवारची मापं तूच घेत जा."

नाही कसं म्हणू? आणि झालेलं सांगू की गप्प बसू? नोकरी गेली तर व्हिसाला धक्का नाही, पण नोकरीशिवाय डिप्लोमा पुरा होत नाही. उद्या दंतवैद्य म्हणून नोंदणीला अर्ज करताना माझं चारित्र्य बघणार, ती भीती वेगळीच.

आणखी एक मनाला लागलंय. गावाकडे आमच्या दवाखान्यात एक ताई असिस्टंट होती. गर्दी असली की मी तिला टाके काढायला सांगायचे. आपल्या 1948 च्या डेंटिस्ट कायद्यात हायजिनिस्ट (दात साफ करणारे) आणि डेंटल मेकॅनिक (कवळ्या बनवणारे) यांची नोंदणी होती, असिस्टंटची नव्हतीच. काही बिघडलं असतं तर तिच्या पाठीशी काय होतं? हा विचार मला तेव्हा एकदाही शिवला नाही.

साधीसुधी: अगं, माप चांगलं आलं, पेशंट खूश, मग झालं की. पुढच्या वेळी काहीतरी कारण सांगून टाळ. स्वतःहून कशाला कुऱ्हाडीवर पाय मारतेस?

मँचेस्टरकर: असं करू नका. मी इथे अकरा वर्षं नोंदणीकृत डेंटल नर्स आहे.

मापाइतकीच ती नोंदही गंभीर आहे. उद्या त्या बाईंनी तक्रार केली तर कागदावर डॉक्टरांनी माप घेतलेलं दिसेल, आणि टाइप केलं तुम्ही. जुन्या नोंदीला हात लावू नका. आजची तारीख घालून, स्वतःच्या लॉगिनमधून नवी नोंद करा: अमुक दिवशी माप ट्रेनी नर्सने घेतलं, दंतवैद्य खोलीत नव्हते. पण आधी डॉक्टरांशी बोला, त्यांना ती नोंद अचानक दिसू नये. दुसऱ्याचं लॉगिन वापरणंही आजपासून बंद.

जबाबदारी तुमच्या एकटीची नाही. जीडीसीची 2013 पासूनची नऊ तत्त्वं आहेत. काम दुसऱ्याकडे सोपवणाऱ्याने ते योग्य माणसाकडे सोपवायचं, हे त्यांत डॉक्टरांनाच सांगितलंय. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून, देखरेखीखाली काम करायला ट्रेनीला मुभा असते. इथे काम अभ्यासक्रमात नव्हतं आणि देखरेख शेजारच्या खोलीत होती. विमाही बघा: प्रॅक्टिसचं संरक्षण तुम्हाला ट्रेनी नर्सच्या कामापुरतं असणार. त्या बाईंचा एखादा जुना क्राउन (दातावरची कॅप) मापाबरोबर निघून आला असता तर?

डॉक्टरांशी सकाळी, पहिला पेशंट यायच्या आत बोला. "मला जमत नाही" म्हणू नका, ते खोटं आहे. "मला जमतं, पण मला अधिकार नाही" असं म्हणा. त्याच दिवशी दोन ओळींचा ईमेल पाठवा आणि डिप्लोमाच्या ट्यूटरलाही कळवा. तरी ते ऐकले नाहीत तर प्रॅक्टिस मॅनेजर, त्यापुढे जीडीसी. तक्रार केली म्हणून त्रास दिला तर गैरप्रकार कळवणाऱ्या कर्मचाऱ्याला संरक्षण देणारा 1998 चा पब्लिक इंटरेस्ट डिस्क्लोजर ॲक्ट आहे, आणि प्रोटेक्ट नावाची संस्था फोनवर फुकट सल्ला देते.

नोंदणीची भीती समजते. पण स्वतःहून सांगितलेली चूक आणि दुसऱ्या कुणी शोधून काढलेली चूक, यांत फार अंतर असतं.

धागाकर्ती: खूप आभार. आज सकाळी बोलले. डॉक्टर आधी गप्प झाले, मग म्हणाले, "मी तुला त्या जागी उभं करायला नको होतं." नवी नोंद आम्ही दोघांनी मिळून केली, त्या बाईंना ते स्वतः फोन करणार आहेत. शुक्रवारची मापं तेच घेतील.

ट्यूटरला ईमेल लिहून ठेवलाय, अजून पाठवला नाही. त्यात डॉक्टरांचं नाव घालावं का, एवढं कुणी सांगाल?

मँचेस्टरकर: घाला. पण त्यांना आधी सांगून. आजची नवी नोंद दोघांनी मिळून केली, हेही त्यातच लिहा.