चुकून उडालेला सिस्टिम फोल्डर परत कसा आणला? घरच्या कॉम्प्युटरचे अनुभव लिहा

घरच्या कॉम्प्युटरवरून एखादा फोल्डर उडाला आणि मशीन आडवंतिडवं वागायला लागलं की आजूबाजूचा पहिला सल्ला असतो, "फॉरमॅट मार". मला हे अजिबात पटत नाही. विंडोजचा स्वतःचा फोल्डर गेला असेल तर तो जगात लाखो ठिकाणी जसाच्या तसा आहे, तो परत मिळतोच. फॉरमॅटमध्ये जातं ते तुमचं, म्हणजे फोटो, पोरांच्या मार्कशीटचे स्कॅन, सोसायटीचे हिशोब, आणि ते दुसरीकडे कुठेही नसतं. म्हणून हा धागा काढतोय. काय उडालं, कसं परत आणलं आणि काय परत आलं नाही ते सविस्तर लिहा, तिसरी गोष्ट लिहायला विसरू नका कारण तीच सगळ्यात उपयोगी असते. ऑफिसच्या सर्व्हरचे किस्से नकोत, तिथे बॅकअप बघायला माणूस असतो, घरी कोणी नसतं.

सुरुवात मी करतो. ताईचा लॅपटॉप, सी ड्राइव्ह भरून लाल झालेली, आणि भाच्याने कुठलातरी व्हिडिओ बघून विंडोज फोल्डरमधला विनएसएक्सएस नावाचा फोल्डर, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या फाइलींचा साठा, उडवायला घेतला. साधं डिलीट होत नाही तो, कारण मालकी ट्रस्टेडइन्स्टॉलर नावाच्या विंडोजच्याच खात्याकडे असते, पण व्हिडिओत मालकी स्वतःकडे कशी घ्यायची तेही दाखवलं होतं. अर्धाच उडाला, वापरात असलेल्या फाइली विंडोजने सोडल्या नाहीत. लॅपटॉप चालू व्हायचा पण अपडेट होईना, काही प्रोग्रॅम उघडताना साइड बाय साइडचा एरर. मी नेहमीसारखं ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून एसएफसी स्कॅननाऊ (विंडोजच्या फाइली तपासून दुरुस्त करणारी कमांड) चालवलं तर उत्तर आलं की खराब फाइली सापडल्या पण काही दुरुस्त करता आल्या नाहीत. त्याचं कारण असं की एसएफसी चांगली प्रत आणतं कुठून, तर त्याच विनएसएक्सएसमधून, आणि तोच फोल्डर अर्धा रिकामा. मग डिस्म या विंडोजच्याच दुरुस्तीच्या टूलची रिस्टोरहेल्थ कमांड, ती विंडोज अपडेटवरून फाइली ओढते, पण अपडेटच बंद पडलेलं त्यामुळे तीही अडली. शेवटी मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून आयएसओ (विंडोजच्या अख्ख्या इन्स्टॉलेशन डिस्कची एक फाइल) उतरवून, विंडोज चालू असतानाच त्यातलं सेटअप चालवलं आणि फाइल्स व ॲप्स दोन्ही ठेवायचा पर्याय घेतला. यात एक गोम आहे ती नीट वाचा. पहिल्या वेळी तो पर्याय पुसटच दिसत होता, निवडताच येईना, कारण लॅपटॉपवरचं विंडोज इंग्लिश इंटरनॅशनल आणि मी उतरवलेली आयएसओ अमेरिकन इंग्लिशची. भाषा आणि एडिशन (होम, प्रो वगैरे) दोन्ही जुळायला लागतात, आपल्याकडच्या बऱ्याच लॅपटॉपवर होम सिंगल लँग्वेज असतं तेही बघून घ्या. बरोबर आयएसओ घेतल्यावर सगळं जागेवर आलं, ताईचं एकही कागदपत्र हललं नाही.

आणि तो फोल्डर प्रॉपर्टीजमध्ये दिसतो तेवढा मोठा नसतोच, त्यातल्या बऱ्याच फाइली हार्ड लिंक असतात, म्हणजे एकच फाइल दोन ठिकाणी दिसते आणि साइज दोनदा मोजली जाते. जागाच करायची तर डिस्क क्लीनअप किंवा डिस्मचं स्टार्टकंपोनंटक्लीनअप वापरा.

कोल्हापूरची डीटीपीवाली

माझा अनुभव फॉन्ट फोल्डरचा. मी घरूनच डीटीपी करते, पत्रिका, हॅन्डबिलं, वार्षिक अहवाल. कामाला येणाऱ्या मुलाने कॉम्प्युटर स्लो झाला म्हणून फॉन्ट फोल्डरमधले "न लागणारे" फॉन्ट काढून टाकले. विंडोजचे स्वतःचे फॉन्ट संरक्षित असतात ते राहिले, गेले ते श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरचे. रिसायकल बिनमध्ये बघितलं तर काही नाही. दुसऱ्या दिवशी पत्रिका उघडली पेजमेकरमध्ये (पानं लावायचं सॉफ्टवेअर), तर वर श्री गणेश प्रसन्नच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं. मुलगा रडकुंडीला आला, म्हणाला मॅटर गेलं, मी रात्रभर बसून परत टाइप करतो.

मॅटर कुठेही गेलेलं नसतं हे सगळ्या डीटीपीवाल्यांनी घरच्यांना समजावून ठेवा. या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर साठवलं जातं ते इंग्रजी अक्षराच्याच जागेवर, फॉन्ट फक्त त्याला मराठी रूप देतो. रूप गेलं, आतला मजकूर तसाच आहे. फक्त एक पथ्य पाळायचं, फाइल उघडताना फॉन्ट मिळत नाही, त्याऐवजी दुसरा लावू का असं विचारतो तेव्हा हो म्हणून पुढे सेव्ह करायचं नाही. नाहीतर कुठल्या ओळीला कुठला फॉन्ट होता तेच पुसलं जातं. मी पेजमेकर तसाच बंद केला, जुनी सीडी काढली, डोंगल (सॉफ्टवेअरच्या लायसन्सची कॉम्प्युटरला लावायची चावी) लावला आणि त्याच व्हर्जनचं श्रीलिपी परत टाकलं. दुसऱ्या कंपनीचा फॉन्ट लावून भागत नाही, प्रत्येकाची अक्षरांची मांडणी वेगळी. पत्रिका जशीच्या तशी आली. मंगल किंवा निर्मला युआयमध्ये केलेल्या युनिकोड फाइलींना तर काही झालंच नव्हतं. आता सगळ्या फॉन्टची एक कॉपी पेनड्राइव्हवर आणि एक भावाच्या घरी आहे.

नाशिक, निवृत्त

तरुण मंडळींना कदाचित माहीत नसेल, पण एकेकाळी फोल्डर उडवायला व्हिडिओ नाही तर ईमेल पुरायचा. २००१ मध्ये एक ईमेल फिरत होता की तुमच्या कॉम्प्युटरमध्ये सल्फएनबीके नावाची फाइल असेल तर तो व्हायरस आहे, शोधा, उडवा, रिसायकल बिन रिकामा करा आणि सगळ्यांना कळवा. फाइल सापडायचीच, कारण ती विंडोज ९८ चीच होती, लांब नावांच्या फाइलींची नावं सांभाळायला. पुढच्या वर्षी तसाच दुसरा आला, त्या फाइलीचं चित्र टेडी बेअरचं होतं, त्यामुळे लोकांची खात्रीच पटायची. आमच्या मेव्हण्यांनी तर पहिल्या वेळी फाइलीबरोबर विंडोजमधला कमांड नावाचा अख्खा फोल्डर साफ केला, कारण फाइल त्यात होती, म्हणजे घरच दूषित असणार असा त्यांचा हिशोब.

तेव्हा विंडोज ९८ मध्ये रन उघडून एसएफसी लिहिलं की छोटी खिडकी यायची आणि त्यात इन्स्टॉलेशन डिस्कवरून एकच फाइल काढून घ्यायची सोय होती. फाइलीचं नाव द्यायचं, सीडी घालायची, कुठे ठेवायची ते सांगायचं. मी एकेक फाइल अशी परत बसवली. वेळ लागला पण मेव्हण्यांचं सगळं लिखाण बचावलं. सीडी जपून ठेवली होती म्हणून जमलं हे, हल्ली सीडी मिळतच नाही तर निदान एक बूट होणारा पेनड्राइव्ह तयार करून कपाटात ठेवा.

पुणे, चिंचवड

आमच्याकडे ॲपडेटा गेला होता, बाबांच्या युझरचा, म्हणजे प्रोग्रॅम आपापली माहिती ठेवतात तो फोल्डर. चुलतभाऊ म्हणाला हिडन आहे म्हणजे कामाचा नसणार. बुकमार्क, पासवर्ड, स्टिकी नोट्समध्ये लिहिलेले एलआयसीचे पॉलिसी नंबर, सगळं त्यातच असतं. जुना लॅपटॉप, साधी फिरणारी हार्डडिस्क, तेच नशीब. मी लगेच बंद केला, परत चालू केलाच नाही, डिस्क काढून केसिंगमध्ये घालून दुसऱ्या मशीनला लावली आणि रेकुव्हा या डिलीट झालेल्या फाइली शोधणाऱ्या प्रोग्रॅमने फाइली काढल्या त्या तिसऱ्या डिस्कवर. त्याच डिस्कवर रिकव्हरी करायची नाही हे शंभरदा सांगितलं तरी कमी आहे. बुकमार्क आले, स्टिकी नोट्सची डेटाबेस फाइल आली. पासवर्ड नाही आले. पासवर्डची फाइल मिळाली होती पण ती ज्या किल्लीने बंद असते ती ॲपडेटाच्याच रोमिंगमधल्या प्रोटेक्ट फोल्डरात असते आणि तो फोल्डर तुटका मिळाला. बँकेचे सगळे पासवर्ड रीसेट करत बसावं लागलं.

बेंगळुरू, मूळ लातूर

लिनक्सवाला आहे, चालेल ना? उबुंटूवर रूममेटने जागा करायच्या नादात व्हार फोल्डरच्या लिबमधला डीपीकेजी फोल्डर उडवला, म्हणजे इन्स्टॉल केलेल्या पॅकेजेसची (प्रोग्रॅमची) नोंदवही. म्हणजे मशीन चालू, सगळं चालू, पण कुठलं पॅकेज इन्स्टॉल आहे हे सिस्टिमला आठवतच नाही. डेबियन आणि उबुंटूवाले लक्षात ठेवा, व्हारमध्येच बॅकअप्स नावाचा फोल्डर असतो आणि त्यात डीपीकेजीच्या स्टेटस फाइलीच्या जुन्या प्रती आपोआप पडत असतात. रिकामे फोल्डर परत बनवले, तिथली सगळ्यात ताजी स्टेटस फाइल जागेवर ठेवली आणि मग यादीतली सगळी पॅकेजेस री-इन्स्टॉलला लावली म्हणजे बाकीची माहिती परत तयार होते. होम फोल्डरला धक्काही लागला नाही.

सांगली, हायस्कूल शिक्षक

वरच्या सगळ्या अनुभवांत मशीन निदान चालू तरी होत होतं, आमचं तर चालूच होईना. मुलाने लिनक्स काढून टाकताना छोटं १०० एमबीचं पार्टिशन रिकामं दिसतंय म्हणून डिलीट केलं. ते ईएफआयचं, बूट करायच्या फाइली त्यात. स्क्रीनवर बूट डिव्हाइस नाही एवढंच. दुकानात नेला तर फॉरमॅट लागेल म्हणाले, मी घरी परत आणला. इन्स्टॉलेशनच्या पेनड्राइव्हने चालू करून रिपेअरमधून कमांड प्रॉम्प्ट उघडला, डिस्कपार्ट या पार्टिशन करायच्या कमांडने त्या मोकळ्या जागेत परत ईएफआय पार्टिशन करून फॅट३२ ने फॉरमॅट केलं, त्याला एक ड्राइव्हचं अक्षर दिलं आणि बीसीडीबूट कमांडने विंडोज फोल्डरमधून बूटच्या फाइली तिथे लिहून घेतल्या. ही कमांड फार कामाची आहे, बूटच्या फाइलींची मूळ प्रत विंडोज फोल्डरमध्येच असते, बाहेरून काही आणावं लागत नाही. पण त्याआधी विंडोजची ड्राइव्ह उघडायलाच बिटलॉकरची (अख्खी ड्राइव्ह कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) ४८ आकडी किल्ली मागितली होती. आम्ही कधी बिटलॉकर चालू केलेलं आठवत नव्हतं, पण नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की बऱ्याचदा ते आपोआप चालू होतं. किल्ली त्याच अकाउंटमध्ये ठेवलेली असते, मोबाइलवरून लॉगिन करून वाचली आणि टाकली. कृपया आजच आपापल्या अकाउंटमध्ये जाऊन ती कागदावर उतरवून घ्या.

डोंबिवली

धागा वाचून लिहितेय. आमचं परत आलं नाही. विंडोज फोल्डरमध्ये काहीतरी बिघडलं होतं, घरी येणाऱ्या माणसाने रीसेट केलं आणि सगळं काढून टाका असा पर्याय घेतला, विचारलंसुद्धा नाही. विंडोज छान चालू झालं. मुलीच्या बारशाचे फोटो त्यातच होते. डेटा रिकव्हरीवाल्याकडे गेलो तर त्यांनी आधी विचारलं डिस्क कुठली, आणि एसएसडी म्हटल्यावर स्पष्टच सांगितलं की ट्रिम नावाची सोय चालू असेल तर डिलीट झालेली जागा डिस्क स्वतःच पुसून टाकते, आशा ठेवू नका. पैसे घेतले नाहीत त्यांनी. मग सगळ्या नातेवाइकांकडे व्हॉट्सॲपवर गेलेले फोटो मागितले, मावशीकडे आणि नणंदेकडे मिळून बरेच निघाले, लहान साइजचे आहेत, प्रिंट मोठी निघत नाही, पण आहेत. दुरुस्तीला कोणी आलं की त्याने हात लावायच्या आधी फोटो दुसरीकडे घेतलेत का हे आपणच विचारायचं.

धागाकर्ता

डोंबिवलीच्या ताई, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. यासाठीच हा धागा काढला. सर, बीसीडीबूटचं मी कुठेतरी चिकटवून ठेवतो.

सातारा

अनुभव नाही, अडचण आहे, आत्ता चालू आहे. वडिलांच्या कॉम्प्युटरवर लॉगिन केलं की काळा स्क्रीन आणि मेसेज, लोकेशन इज नॉट अव्हेलेबल, सिस्टिम३२, कॉन्फिग, सिस्टिमप्रोफाइल, डेस्कटॉप असा पत्ता दाखवतोय. काल भावाने काहीतरी साफसफाई केली होती. फॉरमॅट करायला माणूस उद्या येतोय.

धागाकर्ता

माणसाला थांबवा. मेसेजमध्ये दाखवलेला डेस्कटॉप नावाचा फोल्डर त्या जागी नाहीये एवढंच झालं असण्याची शक्यता जास्त आहे. कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, तिथून नवीन टास्कमध्ये एक्सप्लोरर चालवा. सी ड्राइव्हच्या युझर्समध्ये डिफॉल्ट नावाचा फोल्डर असतो, हिडन असतो, व्ह्यूमधून हिडन आयटम दाखवा. त्यातला डेस्कटॉप फोल्डर कॉपी करा आणि मेसेजमधल्या पत्त्यावर सिस्टिमप्रोफाइलच्या आत पेस्ट करा, परवानगी मागेल ती द्या, रीस्टार्ट करा.

सातारा

डेस्कटॉप आला! आयकॉन दिसतायत. पण वडिलांची द्राक्षबागेच्या फवारणीची एक्सेल डेस्कटॉपवरच होती ती दिसत नाहीये.

धागाकर्ता

वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची फाइली ऑनलाइन ठेवायची सोय) चालू आहे का बघा. असेल तर खरा डेस्कटॉप बऱ्याचदा वनड्राइव्हच्या फोल्डरच्या आत असतो आणि युझरच्या नावाखाली दुसरा रिकामा डेस्कटॉप दिसतो. दोन्ही उघडून बघा. तिथेही नसेल तर ब्राउझरमधून वनड्राइव्हला लॉगिन करून त्याचा रिसायकल बिन बघा, घरगुती अकाउंटला डिलीट केलेल्या फाइली ३० दिवस राहतात तिथे, कालचीच गोष्ट आहे म्हणजे असायला हवी. आणि तोपर्यंत भावाला त्या मशीनवर काही उतरवू देऊ नका.