जीवरक्षक नसलेल्या, मोठ्या लाटांच्या किनाऱ्यावर कुटुंबासह जाताना काय पाहावे?

वाटसरू (प्रश्न):
येत्या सुट्टीत आम्ही सहा जण, त्यांत दोन लहान मुले आणि एक आजोबा, वस्तीपासून दूर असलेल्या एका किनाऱ्यावर जाण्याचा विचार करीत आहोत. हा किनारा थेट खुल्या महासागरासमोर आहे, तेथे जीवरक्षक नाहीत आणि मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. आमच्यापैकी तिघांना पोहता येते, पण ते सारे तलावातले पोहणे आहे. समुद्रात पोहायचेच असा आमचा हट्ट नाही. मात्र किनाऱ्यावर गेल्यावर पाय भिजवल्यावाचून कोणी राहत नाही, हेही खरे. आकाश निरभ्र आणि वारा मंद असलेला दिवस निवडला तर पुरेसे होईल का? तेथे पोहोचल्यावर पाणी कसे पारखावे?

निळा कातळ:
निरभ्र आकाशावर विसंबू नका. खुल्या किनाऱ्यावर येणाऱ्या लाटा पुष्कळदा शेकडो, प्रसंगी हजारो किलोमीटर दूरच्या वादळात जन्मलेल्या असतात, त्यामुळे तुमच्या डोक्यावर लख्ख ऊन असतानाही समुद्र खवळलेला असू शकतो. लाटांचा अंदाज पाहताना उंचीबरोबरच लागोपाठच्या दोन लाटांमधला कालावधीही पाहा, कारण दीड मीटर उंचीची लाट ८ सेकंदांनी येत असेल त्यापेक्षा ती १५ सेकंदांनी येत असेल तेव्हा किनाऱ्याकडे जवळजवळ दुप्पट ऊर्जा वाहून आणते. शिवाय अंदाजात दिलेली उंची ही साधारणपणे सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. एखादी लाट तिच्या जवळपास दुप्पटही उठते.

पोहोचल्यावर लगेच वाळूत उतरू नका. उंचशा जागेवरून निदान वीस मिनिटे पाणी नुसते पाहा, म्हणजे मोठ्या लाटांचे एक-दोन जथे तरी डोळ्यांखालून जातील. लाटांनी किनाऱ्यावर लोटलेले पाणी कोठून तरी परत जाणारच, आणि ते वाळूच्या पाण्याखालील बांधात जेथे खिंड असेल तेथून एकवटून जाते. यालाच रिप करंट म्हणतात. या खिंडीत पाणी खोल असल्याने लाटा तेथे कमी फुटतात आणि दोन्ही बाजूंना पांढरा फेस उसळत असताना मधला पट्टा गडद आणि शांत दिसतो. अनोळखी माणसे मुलांना घेऊन नेमकी त्याच पट्ट्यात उतरतात, कारण तेथे लाटांचा मारा नसतो! समुद्राकडे सरकत जाणारा फेस, ढवळलेल्या वाळूमुळे आलेला गढूळ रंग आणि फुटत्या लाटांच्या रांगेत पडलेला खंड, यांपैकी काहीही दिसले तर ती जागा टाळा. खडकांच्या किंवा धक्क्याच्या लगत असा प्रवाह बहुधा असतोच. त्याचा वेग काही वेळा सेकंदाला २.५ मीटरपर्यंत जातो; शंभर मीटर फ्रीस्टाइलच्या जागतिक विक्रमाचा सरासरी वेगसुद्धा त्याहून कमी आहे.

सर्वच किनाऱ्यांवर ही चिन्हे स्पष्ट दिसतात असे नाही. शंका असेल तर माझ्या मते पाण्यात न उतरणे हाच निर्णय योग्य.

भरती-ओहोटी:
वरील उत्तर पोहणाऱ्यांच्या दृष्टीने उत्तम आहे. मला काळजी वाटते ती मुलांची आणि आजोबांची, जे पोहणारच नाहीत. आइसलंडमधील रेनिस्फ्यारा किनाऱ्यावर केवळ फिरायला किंवा छायाचित्रे काढायला आलेल्या पर्यटकांना लाटांनी ओढून नेल्याच्या दुर्घटना घडल्या आहेत. वाळू जेथवर ओली दिसते तेथवर लाट नुकतीच येऊन गेली आहे, असे समजून बसण्याची जागा त्याच्या बरीच वर निवडावी आणि समुद्राकडे पाठ करून उभे राहू नये. ओल्या, काळपट खडकांवर तर जाऊच नये.

किनाऱ्याचा उतार तीव्र असेल तर लाट थेट काठावर आदळून फुटते. अशा ठिकाणी गुडघाभर पाण्यातही माणूस आडवा होतो, आणि डोके वाळूवर आपटून मानेला गंभीर इजा होऊ शकते. परतणारे पाणी पायांखालची वाळू उकरून नेते, ते वेगळेच. मुलांचा हात धरणे येथे पुरेसे नाही, कारण हात धरणारा स्वतःच पडतो.

भरतीची वेळ आधी पाहून ठेवा. ओहोटीपासून भरतीपर्यंत सुमारे सहा तास लागतात, परंतु पाणी एकाच गतीने चढत नाही. मधल्या दोन तासांत ते एकूण चढाच्या जवळपास निम्मे चढते. कड्याच्या पायथ्याने वळसा घालून पलीकडे गेलेल्यांची परतीची वाट अशी पाहता पाहता बुडते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असल्याने हा धोका अधिक.

वाटसरू:
मनःपूर्वक आभार. एवढी खबरदारी घेऊनही कोणी ओढले गेलेच तर किनाऱ्याला समांतर पोहावे, असे ऐकले आहे. ते बरोबर आहे का?

दर्यावर्दी:
बरोबर आहे, पण ती पहिली पायरी नव्हे. हा प्रवाह माणसाला खाली खेचत नाही, बाहेर नेतो. माणसे बुडतात ती प्रामुख्याने सरळ किनाऱ्याकडे पोहत दमल्यामुळे आणि घाबरल्यामुळे. म्हणून आधी पाठीवर तरंगावे, श्वास स्थिर होऊ द्यावा, हात उंचावून मदत मागावी. लाटा फुटतात त्या रांगेपलीकडे प्रवाहाचा जोर सहसा ओसरतो, आणि काही प्रवाह गोलाकार फिरून उथळ पाण्याकडे परतही आणतात. ताकद शिल्लक असेल तर समांतर पोहावे. एका दिशेने पोहणे जड जाऊ लागले तर दुसरी दिशा धरावी. मग लाटा फुटत आहेत त्या बाजूने, त्यांच्याच रेट्याने काठाकडे यावे.

काठावरच्यांसाठी याहून महत्त्वाचे असे की वाचवायला धावलेली व्यक्तीच बुडाल्याच्या घटना जगभर घडतात. तिघांना तलावात पोहता येते, यावर या बाबतीत अजिबात भिस्त ठेवू नका. तरंगणारी वस्तू फेका. झाकण घट्ट लावलेला रिकामा प्लास्टिकचा कॅनही चालतो. एकाने बुडणाऱ्यावरची नजर न हलवता सतत बोट दाखवत उभे राहावे, कारण लाटांमध्ये डोके एकदा दिसेनासे झाले की पुन्हा सापडत नाही, आणि दुसऱ्याने मदतीला फोन करावा. रेंज कोठे मिळते ते किनाऱ्याकडे जातानाच पाहून ठेवा आणि गाडी त्या दिशेला तोंड करून उभी करा. बाहेर आलेल्या व्यक्तीला खोकला किंवा धाप लागत असेल तर ती ठीक दिसत असली तरी रुग्णालयात न्या. फुप्फुसांत पाणी गेल्याचा त्रास काही तासांनी वाढू शकतो.