पुणे ते वेंगुर्ला तंबू घेऊन, घाट उतरून किनाऱ्याने: रूट आणि जागा सुचवा

पायवाट_पुणे
नमस्कार मंडळी. जानेवारीत मी आणि नवरा आठवडाभर निघतोय, आमचीच छोटी हॅचबॅक, दोन माणसांचा तंबू, स्लीपिंग बॅगा आणि छोटा गॅस. हॉटेलं करायची नाहीयेत, शक्य तितक्या रात्री तंबूतच झोपायचंय. डोक्यातला रूट असा आहे: पुणे - महाबळेश्वर - आंबेनळी घाट - पोलादपूर - दापोली - गुहागर - गणपतीपुळे - रत्नागिरी - विजयदुर्ग - मालवण - वेंगुर्ला, मग आंबोली चढून कोल्हापूरवरून परत. जास्त होतंय का हे? आणि खरा प्रश्न म्हणजे तंबू लावायचा कुठे, बीचवर लावलेला चालतो का, दोघंच असताना सेफ वाटतं का, आणि सकाळी बाथरूमचं काय करतात लोक? जे केलंय त्यांनी सांगा प्लीज.

खाडीकाठ
आधी रूटबद्दल. नकाशावर किनारा सरळ दिसतो पण कोकणात दर थोड्या अंतरावर खाडी आडवी येते आणि तिथे वेळ जातो. पोलादपूरवरून कशेडीच्या बोगद्यातून खेड, खेडवरून दापोली, इथपर्यंत सोपं आहे. पुढे दाभोळला जेट्टीवर गाडी फेरीबोटीत चढवायची आणि वाशिष्ठी ओलांडून धोपाव्याला उतरायचं, नाहीतर चिपळूणवरून मोठा वळसा पडतो. तसंच गुहागर, वेळणेश्वर, हेदवी करून तवसाळला आलात की समोर जयगड, तिथेही फेरीबोट आहे. दोन्ही ठिकाणी दुपारच्या आत पोचा असं माझं मत, म्हणजे पलीकडे उतरून उजेडात जागा शोधता येते. अंधारात अनोळखी गावात तंबूसाठी जागा विचारत फिरणं गावातल्यांनाही बरं वाटत नाही.

आणि हो, एका आठवड्यात हे सगळं होईल, पण गाडीतूनच. माझं ऐकाल तर दापोली-गुहागर एकदा करा आणि रत्नागिरीच्या खालचं एकदा. दोन्ही एकत्र नको.

सडा_आणि_समुद्र
तंबूबद्दल मी सविस्तर लिहिते कारण आम्ही दोघं असेच फिरतो.

बीचवर वाळूत तंबू नको. एकतर तो परवानगीचा विषय आहे, आणि दुसरं म्हणजे भरती. कोकणात जुनी माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात, तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं, शुद्ध असो की वद्य. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. साधारण त्या सुमाराला दिवसा आणि रात्री पूर्ण भरती, आणि मधे सहा तासांनी ओहोटी. आता पौर्णिमा धरा. सवाअकरा-बाराला भरती म्हणजे संध्याकाळी सहाला ओहोटी, तुम्ही चांदण्यासाठी मुद्दाम पौर्णिमा गाठून येता, समोर मैदानासारखी वाळू पसरलेली दिसते, तिथे तंबू लावता, आणि तुम्ही गाढ झोपेत असताना मध्यरात्री पाणी येतं, तेही उधाणाचं, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त आत. अमावास्येला तेच. सुकलेल्या शेवाळाची आणि काटक्याकचऱ्याची रेघ दिसते ना, ती कालच्या भरतीची खूण, उधाणाकडे दिवस जात असतील तर आज पाणी तिच्याही पुढे येणार.

शिवाय नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या अंडी घालायला रात्री वर येतात. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने संरक्षणाचं काम सुरू केलं आणि आता आंजर्ले, गावखडी अशा बऱ्याच किनाऱ्यांवर घरटी जपली जातात. रात्री वाळूत टॉर्च, शेकोटी, गाडीचे लाईट दिसले की मादी अंडी न घालता परत फिरते. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, म्हणून विनंती, रात्री किनारा अंधारातच राहू द्या. गाडी तर वाळूत नेऊच नका.

मग लावायचा कुठे? कुणाच्या तरी अंगणात किंवा परसात. किनाऱ्यावरच्या गावांत घरगुती राहण्या-जेवणाची सोय करणारी माणसं भरपूर आहेत, त्यांना सांगायचं की खोली नको, अंगणात तंबू लावतो, बाथरूम वापरतो आणि रात्री जेवतो तुमच्याकडेच. पैसे आधी ठरवायचे आणि घासाघीस करायची नाही. बाथरूमचा आणि सेफ्टीचा, दोन्ही प्रश्न तिथेच सुटतात. बाई म्हणून सांगते, रात्री उठावं लागलं तर ओसरीवर दिवा जळत असणं किती मोठी गोष्ट आहे ते तिथेच कळतं.

जागा निवडताना माडाखाली नाही, नारळ नाहीतर झावळी कधीही पडते. हापूसच्या बागेतही जानेवारीत नको, मोहोर आलेला असतो आणि फवारण्या चालू असतात. सुरूची बनं छान दिसतात पण बऱ्याच ठिकाणी ती वनखात्याची लागवड आहे, विचारल्याशिवाय नको.

आणि खुंट्या! तंबूसोबत येतात त्या बारीक खुंट्या कोकणात दोन्हीकडे निकामी. अंगण वाळूचं असेल तर धरत नाहीत, तिथे पिशवीत वाळू भरून तिला दोरी बांधायची आणि पिशवी पुरायची. सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, जांभा दगड असतो, त्यात शिरतच नाहीत, मग मोठे चिरे शोधून त्यांना दोऱ्या बांधायच्या. म्हणून जास्तीची दोरी आणि चार-सहा रिकाम्या पिशव्या न्याच. किनाऱ्याला दव इतकं पडतं की सकाळी बाहेरचं कापड पिळून काढावं लागतं, निघायच्या आधी उन्हात वाळवायला वेळ ठेवा.

घाटमाथा
किनाऱ्याबद्दल वरती छान लिहिलंय, मी घाटाचं सांगतो. शनिवार-रविवार महाबळेश्वर टाळाच, गर्दीत सकाळ जाते. मला विचाराल तर भोरवरून वरंधा घाट उतरा, नीरा-देवघरचं पाणी डाव्या-उजव्या हाताला दिसत राहतं, खाली शिवथरघळ करून महाडला हायवे. फक्त घाट चालू आहे का ते भोरमध्ये विचारून मगच पुढे जा, काम किंवा दरड यामुळे तो बंद ठेवतात अधूनमधून. आंबेनळीनेच जाणार असाल तर प्रतापगड वाटेत आहे, सकाळी लवकर चढा.

उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचं, सामान भरलेल्या छोट्या गाडीला तर हे फारच लागू आहे. ब्रेक तापले की वास येतो, तेव्हा सुरक्षित जागी थांबून थंड होऊ द्यायचे.

घाटमाथ्यावर मुक्काम गावातच करा. कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० मध्ये झाला, त्या जंगलात परवानगीशिवाय शिरायचं नाही. आंबोलीतही जंगलात तंबू नको, गावात विचारा. तिथे हिरण्यकेशीचा उगम बघा, त्या पाण्यात सापडणाऱ्या छोट्या माशामुळे ती जागा २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली आहे. पाण्यात उतरू नका, काठावरून बघा.

पायवाट_पुणे
बापरे, किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. तिथीचा हिशोब नवऱ्याने लगेच कॅलेंडर काढून करून बघितला. दापोली-गुहागर सोडतोय मग. कोल्हापूरवरून आंबा घाट उतरून रत्नागिरी, आणि तिथून खाली वेंगुर्ल्यापर्यंत, येताना आंबोली. भोर-वरंधा वेगळ्या शनिवार-रविवारी करू. रत्नागिरी ते मालवण यात कुठे जास्त थांबावं? आणि विंचू-सापांची भीती वाटते मला, खरं सांगते.

खाडीकाठ
हा प्लॅन चांगला झाला. रत्नागिरीवरून हायवेला जाऊ नका, पावस, पूर्णगड, गावखडी, कशेळी, आडिवरे, जैतापूर असं खालच्या रस्त्याने या. कशेळीला कनकादित्याचं मंदिर आहे, देवघळीचा कडा आहे आणि सड्यावर हत्तीचं प्रचंड कातळशिल्प आहे. या भागातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जा, तिरप्या उन्हात कोरीव रेषा नीट दिसतात, भर दुपारी सगळं सपाट दिसतं. रेषांवर पाय देऊ नका. माझ्या मते दोन रात्री याच पट्ट्यात काढा आणि मालवणला एकच. खालच्या रस्त्याला पंप कमी आहेत, रत्नागिरीतच टाकी फुल करा.

सडा_आणि_समुद्र
भीती वाटणं बरोबर आहे, कारण जांभ्याच्या सड्यावर आणि दगडांच्या गडग्यात (कुंपणात) फुरसं हा विषारी साप असतो आणि तो छोटा असल्याने पायाखाली येईपर्यंत दिसत नाही. म्हणून तंबू गडग्याला, लाकडांच्या ढिगाला किंवा पाचोळ्याला लागून लावायचा नाही. चेन कायम बंद, बूट तंबूच्या आत आणि सकाळी झटकून घालायचे, अंधारात टॉर्चशिवाय एक पाऊल नाही (अंगणात टॉर्च चालेल गं, किनाऱ्यावर नको म्हटलं होतं). दोरीला बांधायचे चिरे उचलताना आधी काठीने उलटवा, विंचू दगडाखालीच असतो.

काही झालंच तर १०८ ला फोन आणि सरळ ग्रामीण रुग्णालय. जखम कापणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काही नाही. विंचू चावला तरी दवाखान्यातच जायचं, कोकणातला लाल विंचू हृदयावर परिणाम करतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून त्यावरचा उपचार जगापुढे आणला, त्यामुळे वेळेत पोचलेला माणूस वाचतो. रोज मुक्कामाला पोचलं की यजमानांना जवळचं रुग्णालय कुठलं आणि रात्री गाडी कुठून बाहेर काढायची ते विचारून ठेवा.

आणि गॅस तंबूच्या आत पेटवू नका, वारा कितीही असला तरी. गाडीच्या आडोशाला चहा होतो.