भिंतभर कपाट करायचंय, एमआर प्लाय चालेल का?

डोंबिवलीकर:
बेडरूमच्या अख्ख्या भिंतीवर खालपासून छतापर्यंत कपाट करून घ्यायचंय, अर्ध्यात कपडे अर्ध्यात पुस्तकं. भिंत बाहेरची आहे, पावसाळ्यात ओल धरते. सुतार म्हणतोय सगळं एमआर प्लायमध्ये (मॉइश्चर रेझिस्टंट, म्हणजे थोडाफार दमटपणा सोसणारा) करू आणि कप्पे ४ फूट लांब ठेवू, मोकळं दिसतं. ठीक आहे का?

रंधा_पटाशी:
४ फुटी कप्पा पुस्तकांना अजिबात नको, १८ एमएम प्लाय असला तरी मधे बाक येतोच. अडीच फुटावर उभं पार्टिशन घ्या किंवा पुढच्या कडेला दीड इंची सागाची पट्टी उभी मारा, खूप फरक पडतो. पुस्तकांना १२ इंच खोली पुरे, हँगरला मात्र आतून २२ तरी हवी.

ताई_ठाणे:
आधी बाहेरून गळती बंद करा मगच कपाट, नाहीतर कुठलाही प्लाय फुगेल!! या भिंतीला आयएस ७१० चा (मरीन म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या प्लायचं भारतीय मानक) शिक्का असलेलाच घ्या, पाठ भिंतीला चिकटवू नका, फट ठेवा.

रंधा_पटाशी:
+१. आणि भिंत गुण्यात (कोपरे काटकोनात), ओळंब्यात (सरळ उभी) आहे असं धरूच नका. माप वर, मधे, खाली घ्या, सगळ्यात कमी असेल त्याहून थोडं लहान खोकं करा, उरलेल्या फटीत पट्टी भिंतीच्या आकाराने रंधून बसवायची. प्लायची शीट ८ बाय ४ फुटांची येते, त्यामुळे ८ फुटांच्या वरचा लॉफ्ट वेगळाच करा.

डोंबिवलीकर:
खूप आभार, उद्याच सुताराला ओळंबा घेऊन बोलावतो